धीर न देणारे डॉक्टर

मी पाहिलेल्या माणसांत आमच्या डॉक्टरांइतका निराश माणूस दुसरा नाही, आणि पुढे कधी भेटेल असंही वाटत नाही. इतर डॉक्टर रोग्याला ‘काय होतंय?’ म्हणून विचारतात. आमचे डॉक्टर रोगी उंबऱ्यात दिसला की कपाळाला हात लावून ‘अरेरे, फार उशीर केलात हो!’ म्हणत. मग तो महिनाभर खोकत असो, की त्याला त्याच सकाळी पहिली शिंक आलेली असो. सर्दीवाल्याला ते न्यूमोनियाची सगळी हकीकत ऐकवत. पोट बिघडलेल्याला ‘आजचा दिवस निभावलात तर उद्या बघू’ म्हणत. मुलगी झाली म्हणून पेढे घेऊन आलेल्या बापाला, ‘मुलगी? छान. आता गोवर, कांजिण्या, डांग्या खोकला. लागा तयारीला!’ असं सांगून पेढा तोंडात टाकत. रोगी बरा होऊन आला की मात्र त्यांची पंचाईत होई. त्याच्याकडे ते संशयाने बघत, पुन्हा नाडी धरत, जीभ काढायला लावत, आणि काहीच सापडलं नाही की ‘बरं वाटतंय ना? वाटू दे बापडं,’ असं म्हणून त्याला वाटेला लावत. रत्नागिरीच्या राजिवडा बंदरावरचे एक म्हातारे खलाशी मला म्हणाले होते, “साहेब, मी आफ्रिकेपर्यंत जाऊन आलोय, तुफानात दोन रात्री लाकडाला धरून काढल्यात. पण ह्या डागदरच्या खुर्चीत बसलो की जेवढा घाबरतो ना, तेवढा तेव्हा नव्हतो घाबरलो.” हे सांगताना ते दवाखान्याच्या बाकावर आपला नंबर यायची वाट बघत बसले होते.

मी मूळचा सांगलीकडचा. ऐंशीच्या सुमाराला एका औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून रत्नागिरीत येऊन पडलो. भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर डॉक्टरांचं घर होतं. पुढे दवाखाना, मागे पडवी आणि स्वयंपाकघर, वर एक कौलारू खोली. ती खोली मला भाड्याने मिळाली. “माळ्यावर राहा, पण उन्हाळ्यात भाजाल आणि पावसाळ्यात गळाल,” एवढं सांगूनच त्यांनी किल्ली दिली. मी रोज सकाळी टाय बांधून, हातात ती जडशीळ बॅग घेऊन जिना उतरायचो. दमट हवेत त्या पोपटी टायची सुतळी होऊन जाई. डॉक्टर खिडकीतून बघत आणि म्हणत, “रोज स्वतःच्या हाताने फास लावून घेता. त्यापेक्षा कंपनी एकदाच का नाही हो लटकवत?” आणि खरं सांगायचं तर लांजा, पावस, पूर्णगड करून, एस.टी.त अंग मोडून संध्याकाळी परत आलो, की मलाही तो प्रश्न पडत असे.

त्यांची निराशा केवळ वैद्यकीय नव्हती. मागच्या अंगणात त्यांचं एक हापूसचं कलम होतं. मोहोर आला नाही तर ते म्हणत, ‘मेलं ते झाड.’ मोहोर आला तर ‘गळणार’, कैऱ्या धरल्या तर ‘माकडं खाणार’, आणि आंबे उतरून अढीत घातले की ‘आतून साका धरून नासके निघणार’. मग त्यातलाच एखादा पिकलेला आंबा मिटल्या डोळ्यांनी चोखून झाला, की बाठीकडे बघून ‘पुढच्या वर्षी नाही हो यायचा असा’ म्हणत. कोकणात रेल्वे येणार अशी तेव्हा बोलवा होती. डॉक्टरांचं मत, ती येणार नाही. आणि आलीच, तर एवढा मोकळा कातळ सोडून नेमकी त्यांच्या दवाखान्यावरून जाईल. वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बघायला गेले होते तेव्हा चहाचा कप हातात घेऊन त्यांनी मुलीच्या वडिलांना सांगितलं होतं, “माझं प्रॅक्टिसमध्ये काही व्हायचं नाही. विचार करून काय तो निर्णय घ्या.” वहिनी मला ही गोष्ट सांगून हसायच्या. “मी म्हटलं, निदान हा माणूस फसवणार तरी नाही. बाकीचे सगळे इंग्लंडला जायच्या गोष्टी करून गेले होते.”

आता माझ्या पोटापाण्याकडे वळतो. त्या काळात आमच्या कंपनीने एक इंजेक्शन बाजारात आणलं होतं. पेनिसिलिनच्या कुळातली दोन औषधं, अँपिसिलिन आणि क्लॉक्सासिलिन, एकाच बाटलीत पांढऱ्या भुकटीच्या रूपात. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं, हलवायचं आणि टोचायचं. एक ज्या जंतूंना मारतं ते वेगळे, दुसरं ज्यांना मारतं ते वेगळे. असा दुहेरी मारा. हे सगळं मला चकचकीत चित्रांच्या आधाराने घोकून म्हणायला शिकवलं होतं. कोल्हापुरात बसलेले आमचे मॅनेजर एकच विचारायचे, ‘जोड-इंजेक्शन किती?’ आणि ज्याच्या डोक्यावर मी राहत होतो तो डॉक्टर ते लिहायला तयार नव्हता.

वास्तविक रत्नागिरीच्या आसपासच्या लोकांना इंजेक्शनचं भारी वेड. अंग दुखलं, सुई मारा. भूक लागत नाही, सुई मारा. मुंबईहून चाकरमानी आला की त्यालाही जाताना एक ताकदीची सुई हवी. आमचे डॉक्टर त्यांना हाकलून काढत. “सुई म्हणजे काय देवाचा अंगारा आहे? घरी जा, पेज खा, मीठ घालून गरम पाणी पी, आणि जगलास तर परवा ये.” मी माझं चित्रांचं पुस्तक उघडलं की ते शांतपणे ऐकून घेत, आणि शेवटी म्हणत, “म्हणजे दोघी बहिणी एकाच घरात दिल्यात तुम्ही. एकीच्या हातून संसार होईना म्हणून पाठराखीण पाठवलीत.”

“तसं नाही डॉक्टर, दोघी मिळून...”

“कळलं हो. वाईट नाहीये औषध. वाईट आम्ही आहोत. आज मी हे साध्या तापाला टोचीन, उद्या दुसरा पडशाला टोचील, आणि जेव्हा खरी गरज पडेल तेव्हा जंतू ह्याच्याकडे बघून हसतील. आणि पेनिसिलिन एखाद्याला सोसत नाही, माहीत आहे ना? सुई काढायच्या आत माणूस थंड होतो. ते तुमच्या पुस्तकात चित्र नाही.”

ते चित्र खरंच नव्हतं. मी पुस्तक मिटून वर जायचो.

माझ्या तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. एका सकाळी दवाखान्यासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून दोघांनी खांद्यावर घालून एका माणसाला उतरवलं. गणू त्याचं नाव, लांज्याच्या बाजूचा. मुंबईत गिरणीत होता. गिरणी बंद पडली तसा गावी आला आणि चिरेखाणीवर जांभा दगड काढायच्या कामाला लागला. तिथे टिकाव निसटून पावलावर बसला. त्याच्या बायकोने, शेवंतीने, सगळं एका दमात सांगितलं. “घाव बसला, पाला बांदला. मंग सुजला, मंग शेक दिला. आता दोन दिस झाले, ते धड बोलत पन नायत.” पाय गुडघ्याच्या वरपर्यंत फुगून तांबडालाल झाला होता, कातडी ताणून चकाकत होती. वास पार रस्त्यापर्यंत येत होता. ‘फार उशीर केलात’ हे डॉक्टरांचं नेहमीचं वाक्य मी अपेक्षिलं होतं. ते त्या दिवशी एकदाच, आणि फार हळू आवाजात म्हणाले.

मग त्यांनी हात जोडले. “मोठ्या इस्पितळात घेऊन जा ह्याला. आत्ताच्या आत्ता. मी चिठ्ठी देतो, मी बरोबर येतो.”

तापात ग्लानी आलेला गणू एवढ्यावर डोळे उघडून म्हणाला, “तिकडं पाय तोडतात.”

“लागला तर तोडावाच लागतो, मेल्या! मीसुद्धा तेच सांगेन.”

“मंग तुमीच सांगा,” गणू म्हणाला, “पन हितं सांगा.” आणि त्याने परत डोळे मिटले.

डॉक्टरांनी शेवंतीकडे पाहिलं. तिने टेबलाची कड घट्ट धरली होती. वाद घालण्यात वेळ घालवण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्यांनी गणूला पडवीतल्या खाटेवर ठेवायला सांगितलं, वहिनींना पाणी उकळायला सांगितलं, आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडले, “अहो सांगलीकर! त्या तुमच्या दोघी बहिणी आहेत का बॅगेत?”

मी तसाच खाली धावलो. बॅगेत नमुन्याच्या बाटल्या होत्या, त्या सगळ्या टेबलावर मांडल्या. डॉक्टर एकेक उचलून तारीख बघत होते आणि स्वतःशीच बोलत होते. “साध्या पेनिसिलिनला हा पू दाद द्यायचा नाही. ह्यातल्या एकीला हे जंतू ओळखत असतील. दुसरीला बहुतेक ओळखत नसावेत. बहुतेक हं. काही सांगता येत नाही.” इतके दिवस मी जे पाठ म्हणत होतो, ते त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं.

आधी टेस्ट. काचेची सिरिंज उकळून काढली, औषध अगदी पातळ केलं, आणि गणूच्या हाताच्या आतल्या बाजूला कातडीखाली थेंबभर टोचून भोवती पेनाने गोल काढला. दुसऱ्या एका सिरिंजमध्ये उलट परिणामावरचं औषध भरून ती त्यांनी ताटलीत तयार ठेवली. मग स्टूल ओढून त्या गोलाकडे बघत बसले. मीही बघत होतो. गोलात गांधी उठल्या तर हा मार्ग बंद, हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं होतं. दुपारचं ऊन पडवीत आलं होतं. कुणीतरी दारातून डोकावलं आणि ‘सुई मारता काय?’ म्हणून विचारलं. डॉक्टरांनी मान न वळवता त्याला मसणात जायला सांगितलं. गोलातली कातडी होती तशीच राहिली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, चष्मा काढून पुन्हा बघितलं, आणि म्हणाले, “आत्ता नाही उठली, मागाहून उठेल.” पण भरलेल्या सिरिंजची हवा ते तेव्हा काढतच होते.

इंजेक्शन दिलं, धनुर्वाताचंही दिलं, आणि मग पायाला चीर देऊन त्यांनी जो पू काढला त्याचं वर्णन मी करणार नाही. मी टाय सोडून बाहेर जाऊन बसलो, एवढंच सांगतो.

पुढचे दिवस आमचं घर त्या एका पायाभोवती फिरत राहिलं. इंजेक्शन दर सहा तासांनी द्यायचं होतं, आणि ते डॉक्टर स्वतःच देत. रत्नागिरीतल्या एकाही दुकानात ते मिळत नव्हतं, कारण इथे ते कुणी लिहीत नव्हतं. म्हणून मी चिपळूणच्या विक्रेत्याला फोन लावून लावून थकलो, आणि शेवटी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर खोकं मागवलं. ते स्टँडवर हातात पडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. खोकं आणून दिलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “पोचलं का? मला वाटलं गाडी घाटात कोसळली असेल.”

शेवंती खाटेच्या पायाशी बसून असे. डॉक्टर पट्टी सोडायला आले की ती रोज एकच विचारी, “डाक्टर, पाय ऱ्हाईल ना ओ?”

“पाय? बाई, मी माणूस राहतो का ते बघतोय. पायाचं काय विचारतेस!”

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज येई, “राहील हो, राहील. तुम्ही आधी दोन घास पेज घ्या बघू.”

“तू कशी सांगतेस? तू डॉक्टर आहेस?”

“तुम्ही सांगत नाही म्हणून मी सांगते.”

एकदा शेवंती विहिरीपाशी पदर तोंडात कोंबून रडताना मला दिसली. मी चिडून दवाखान्यात गेलो. म्हटलं, “डॉक्टर, एक शब्द बोला की तिच्याशी. बरा होईल म्हणा नुसतं. त्याला काय लागतं?”

ते पेशंटच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. म्हणाले, “बोललो होतो. एकदा. तेव्हा मी नवीन होतो आणि माझा आवाजही चांगला होता. ती बाई माझ्या बोलण्यावर विसंबून रोग्याच्या उशाशी निजली हो. सकाळी तिला उठवायचं काम माझ्यावर आलं.” त्यांनी पुढचा रोगी बोलावला, आणि तो आत येताच कपाळाला हात लावला.

आणि मग एका सकाळी गणूचा ताप उतरला. डॉक्टरांनी थर्मामीटर बघितला, झटकला, परत लावला. परत तेच. ‘हा बिघडला’ म्हणून त्यांनी कपाटातून दुसरा काढला. त्यानेही तेच सांगितलं. तेव्हा त्यांनी तो स्पिरिटने पुसून स्वतःच्या तोंडात धरला आणि पडवीच्या मधोमध उभे राहिले. वहिनी, शेवंती आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. अखेर काढून उजेडात धरला आणि अत्यंत खिन्न स्वरात म्हणाले, “थर्मामीटर ठीक आहे.” शेवंतीला त्यातलं काही कळलं नाही. पण वहिनी हसत होत्या आणि खाटेवरचा गणू भूक लागली म्हणून सांगत होता. ती मटकन खाली बसली आणि तिने डॉक्टरांचे पाय धरले. “सोड, सोड,” डॉक्टर मागे सरकत म्हणाले, “पुन्हा चढेल!”

पुन्हा चढला नाही. जखम आतून भरत आली, दोन बोटं ताठ राहिली, पण पाय राहिला. गणू काठी टेकत बस धरायला निघाला त्या दिवशी डॉक्टर खिडकीत उभे होते. “बघा, लंगडतोय,” ते मला म्हणाले. तो वळणावर दिसेनासा झाला तरी ते खिडकीतून हलले नाहीत.

माझ्या धंद्याला ह्याचा काही उपयोग झाला नाही. गणूच्या गावातून माणसं येऊन ‘ती गणूवाली सुई’ मागू लागली, आणि डॉक्टरांनी त्या सगळ्यांना मिठाचं पाणी सांगून परत पाठवलं. ते इंजेक्शन त्यांनी त्यानंतर क्वचितच लिहिलं, ज्याला खरंच हवं होतं त्याला. मॅनेजर म्हणाले, “एका पायावर धंदा चालतो काय?” गणूची गिरणीही पुन्हा उघडली नाही. वर्षभराने तो पाय दाखवायला आला तेव्हा कळलं, तो परत त्याच चिरेखाणीवर जात होता, आणि तोही अनवाणी. डॉक्टरांनी त्याला इतक्या शिव्या दिल्या की बाकावरची माणसं उठून बाहेर जाऊन उभी राहिली. मग दवाखाना तसाच टाकून ते त्याला दंडाला धरून बाजारात घेऊन गेले आणि जाड तळाचे बूट घेऊन दिले. परत येऊन खुर्चीत बसले. “पाय वाचवला म्हणे मी,” ते म्हणाले. “कशासाठी? त्याच खाणीत घालायला. आणि ते बूट आठ दिवस टिकायचे नाहीत.” त्या दिवशी त्यांच्या बोलण्याला मला हसता आलं नाही. वहिनीसुद्धा स्वयंपाकघरातून काही बोलल्या नाहीत.

पुढे माझी बदली विदर्भात झाली. सणावारी त्यांची आठवण निघे, पण जाणं झालं नाही. दशक संपत आलं तेव्हा कामानिमित्त रत्नागिरीत उतरलो आणि स्टँडवरून थेट खाडीच्या रस्त्याला लागलो. दवाखान्याचं दार बंद होतं. वहिनी पडवीत होत्या. डॉक्टरांना जाऊन महिना झाला म्हणाल्या. हृदयाचं दुखणं होतं. मी तिथेच पायरीवर टेकलो. थोड्या वेळाने त्या आपणहून सांगू लागल्या.

“शेवटी शेवटी मला जवळ बसवून घ्यायचे. मला म्हणाले, तू घाबरू नको गं. मी बरा होतो आता. चार दिवसांत उठून बसतो की नाही बघ.” वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि त्यातूनच हसल्या. “इतकी वर्षं संसार केला हो, कधी म्हणून असं बोलले नव्हते. मला तेव्हाच कळलं.”

निघताना पुढल्या बाजूने बाहेर पडलो, तर दवाखान्याच्या बाकावर एक वाकलेली म्हातारी आणि तिच्याबरोबर तरणी सून बसली होती. लांबच्या गावाहून सकाळच्या गाडीने आल्या असाव्यात. सून खोकत होती. “डाक्टर आले नायत अजून?” म्हातारीने विचारलं. वहिनींना पुन्हा हे सांगायला लागू नये म्हणून मीच सांगितलं.

म्हातारीने बंद दाराकडे पाहिलं. “वाटभर हिला सांगत आलंय,” ती म्हणाली, “ते लय वरडतील, मरनाच्या गोष्टी बोलतील, पन तू मनाव घेऊ नको.”

मी तिला गावातल्या दोन-तीन डॉक्टरांची नावं सांगितली. सगळे माझ्या ओळखीचे होते, आणि चांगले होते. वाटही सांगितली. तिने नीट ऐकून घेतलं.

“ते वरडतात?”

“नाही आजी,” मी म्हटलं, “फार गोड बोलतात.”

म्हातारीने मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि सुनेला म्हणाली, “चल बाय. घरला जाऊ.”